जिथे वजन, तिथे दाब

पत्र :

"मी ४४ वर्षांचा आहे. नाशिकला अंबडमध्ये एका कारखान्यात मशिनिस्ट आहे, राहायला सिडकोत. मुलीची दहावी झाली आणि तिने टाकून दिलेली ऑइल पेस्टलची पेटी माझ्या हाती लागली. लहानपणापासून माणसं काढायची हौस होती. रोज रात्री साडेदहाला मोबाइलवर एखादा फोटो समोर ठेवायचा आणि एक चित्र पूर्ण करूनच झोपायचं, असा नियम केला. सलग ६३ दिवस पाळला. मग सासऱ्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, चार दिवस चुकले, आणि तेव्हापासून पेटी उघडलेली नाही. खरं सांगायचं तर पहिल्या आणि त्रेसष्टाव्या चित्रात मला काही फरक दिसत नाही. माणसं कणकेच्या बाहुल्यांसारखी दिसतात. बोटं जमत नाहीत, चेहरे जमत नाहीत. बायको बघते आणि विचारते, 'हे कोण?' कंपनीतला मित्र म्हणतो, हे पोरांचे खडू आहेत, आधी वर्षभर पेन्सिल कर. तसं करू का? की या वयात नाद सोडून देऊ?"

उत्तर :

नमस्कार.

पेन्सिलचं आधी निकालात काढू. नको. असा सल्ला देणारी माणसं वाईट नसतात. मी स्वतः शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना हेच सांगायचे, आणि वस्तुचित्रापुरतं ते बरोबरही होतं. तुमचं दुखणं वेगळं आहे आणि पेन्सिलीने ते वाढेल. तुम्ही दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात घेऊन काम करता. ड्रॉइंगवर लिहिलेलं माप, त्यात चालेल तेवढा फरक, त्यापलीकडे गेलं की माल रिजेक्ट. ती सवय घरी येताना गेटवर जमा होत नाही. म्हणून तुम्ही माणसाचीही कडा मोजायला लागता. फोटोतली बाहेरची रेघ जशीच्या तशी उतरवायची आणि मग आत रंग भरायचा. पेन्सिलीला टोक असतं, ती या सवयीला खतपाणी घालेल. ऑइल पेस्टलच्या कांडीला टोकच नाही. जवळजवळ एक सेंटीमीटर जाडीचा तो तुकडा ६३ रात्री तुम्हाला सांगत होता, की बाबा, कडा सोड. तुम्ही ऐकलं नाहीत.

तुमचा मित्र मात्र एका बाबतीत खरं बोलला. हे पोरांचेच खडू. १९२५ साली जपानच्या साकुरा कंपनीने ते शाळकरी मुलांसाठी काढले. मेणाचे खडू कडक आणि फिके, कोरडे पेस्टल रंगाने भरलेले पण भुगा होणारे. या दोन्हींच्या मधली कांडी, म्हणून क्रेयॉन आणि पेस्टल जोडून नाव ठेवलं 'क्रे-पास'. त्या काळात तिकडच्या शाळांत मुलांना नमुन्याच्या चित्रांवरून नकला करायला लावत. यामामोतो कानाए नावाचे चित्रकार त्याविरुद्ध उभे राहिले होते. मुलांना नमुने देऊ नका, समोरचं बघून मोकळं काढू द्या, असं त्यांचं म्हणणं. त्या वाऱ्यात ही कांडी जन्माला आली. आणि तुम्ही तीच कांडी घेऊन मोबाइलच्या काचेवरची नक्कल करत बसलात! हसू नका, बहुतेक सगळे हेच करतात.

पुढे १९४९ मध्ये पिकासोने मागणी केली म्हणून पॅरिसच्या सेनेलिए या रंग बनवणाऱ्या दुकानाने चित्रकारांसाठी जास्त मऊ, जास्त रंगद्रव्य असलेल्या कांड्या बनवल्या. मित्राला हे सांगायचं तर सांगा, पण त्या महागड्या कांड्या मागवू नका. मुलीची पेटी पुरे.

आणखी एक घोटाळा इथेच मिटवते. नेटवर 'पेस्टल' म्हणून शोधलं की देगा या फ्रेंच चित्रकाराच्या नर्तकी समोर येतात आणि आपले खडू तसे का चालत नाहीत म्हणून माणूस खट्टू होतो. देगा वारला १९१७ मध्ये. ऑइल पेस्टल त्याने पाहिलेलेच नाहीत, त्याचे ते कोरडे पेस्टल. त्यात बोटाने हलकेच फिरवलं की धुक्यासारखा रंग पसरतो. आपल्या कांडीत मेण आणि कधीच न सुकणारं तेल असतं. बोटाने घासत राहिलात तर धुकं येत नाही, मेणचट चिखल येतो. तुमच्या 'कणकेच्या बाहुल्या' निम्म्या तरी बोटाने घासघासून झालेल्या असणार. घासणं बंद करा. ज्या जागी रंग हवा तिथे कांडी टेका, ठेवा, उचला.

आता खरी गोष्ट. बाहुलीत आणि माणसात फरक काय? नाक-डोळ्यांचा नाही. बाहुली कागदावर चिकटवलेली असते, माणूस कुठेतरी टेकलेला असतो. पायावर, कुल्ल्यावर, कोपरावर, भिंतीवर. त्याचं पन्नास-साठ किलो वजन कुठल्यातरी जागेतून जमिनीत उतरत असतं. ती जागा सापडली नाही तर बाहेरची रेघ मायक्रॉनमध्ये बरोबर असूनही चित्रातला माणूस खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. आणि तिथेच ही कांडी पेन्सिलीपेक्षा शहाणी ठरते, कारण तिला हाताचा दाब कळतो. हलकी फिरवली की कागदाचे कंगोरे तेवढे रंगतात, मधे पांढरं झिरपत राहतं. खांद्यातून जोर देऊन दाबली की कंगोरे बुजून रंग घट्ट बसतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच नियम सांगते : माणसाचं वजन जिथे, तुमच्या हाताचा दाब तिथे. बाकी सगळीकडे हलकं.

नुसतं सांगून कळत नाही, म्हणून परवाचं एक चित्र सांगते. माझ्या जाऊबाई अजून विळीवरच भाजी चिरतात. दुधी चिरत होत्या. डावी मांडी जमिनीला, उजवा गुडघा विळीच्या पाटावर रोवलेला, अंग पुढे झुकलेलं, मान त्याहून पुढे. मी त्यांच्या मागे जरा बाजूला, स्टुलावर. ए-थ्री आकाराचा बदामी पेस्टल पेपर, पुठ्ठ्याला चिमटा लावलेला. पहिली कांडी यलो ऑकरची, म्हणजे मातकट पिवळी. तिचा कागद सोलून अर्धी मोडलेली (तुमच्या पेटीतल्या कांड्या अजून कागदासकट अखंड असतील, पैज लावते). ती आडवी धरली आणि डोक्यापासून पाठीवरून खाली जमिनीपर्यंत एकच फराटा ओढला. स्वल्पविराम असतो ना, तसा. हलका. नंतर त्याच कांडीने मांडीचा आडवा गोळा. एवढ्यात माणूस बसला होता, बाई की बुवा ते ठरायचं होतं.

मग बर्न्ट सिएना, म्हणजे विटकरी तपकिरी. ही कांडी उभी धरली आणि मांडी फरशीला जिथे टेकते तिथे स्टुलावरून उठून जोर दिला. कांडी थोडी मोडलीसुद्धा. तसाच जोर गुडघ्याखाली, पाटावर. तिसरी जागा मानेच्या मुळाशी, कारण पुढे आलेलं डोकं तिथूनच टांगलेलं असतं. डाव्या हातात दुधी होता, पण त्या हातावर भार नव्हता, तिथे कांडी जेमतेम टेकवली. पदर तर नुसता स्पर्श. शेवटी गडद निळा, फक्त मांडीखालच्या सावलीत आणि पाटाच्या कडेला. काळी कांडी पेटीतून बाहेरच काढली नाही. बारा मिनिटं झाली असतील. चेहऱ्याच्या जागी एक मातकट अंडं, बोटं नाहीतच. आमच्या ह्यांनी जाता जाता पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी दिसतेय. पाट हलतोय का तो?" पाट खरोखरच हलत होता, म्हणून तर जाऊबाई गुडघ्याने एवढा रेटून धरत होत्या. मला ते काढताना कळलं नव्हतं, हाताला कळलं होतं.

उभ्या माणसासाठी ओळंबा वापरा. तुम्हाला ओळंब्याचं काय शिकवायचं! गळ्याच्या खळगीतून मनातल्या मनात ओळंबा सोडा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर तो त्या पायाच्या घोट्यापाशी पडतो. दोन्ही पायांवर सारखा उभा असेल तर दोन पायांच्या मधे. ओळंबा पावलांच्या बाहेर पडला, तर माणूस चालतोय, टेकलाय किंवा पडतोय. चौथी शक्यता अशी की तुमचं चुकलंय. दुसरी खूण कंबर आणि खांद्यांची. भाराच्या पायाकडची कंबर वर चढते आणि त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली येतो. दोन रेघा एकमेकींकडे कलतात. आपल्या मूर्तिकारांचा त्रिभंग, म्हणजे तीन ठिकाणी वळलेलं उभं अंग, तो हाच. हे पाहायला देवळात जायला नको. पाळी सुटल्यावर पाथर्डी फाट्यावर सिटीलिंक बसची वाट बघत उभे असलेले तुमचेच सहकारी बघा. आठ तास उभं राहून आलेला माणूस दोन पायांवर कधीच सारखा उभा राहत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी भार या पायावरून त्या पायावर. एक पाय धरला की लगेच काढून टाका, बदलला की नवीन कागद.

दगडातलं बघायचंच असेल तर पांडवलेणी तुमच्या घरापासून जवळ आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जा. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे ते. त्याच्या ओसरीच्या जोत्याशी यक्ष कोरले आहेत, कमरेपर्यंत जमिनीतून वर आलेले, आणि ओसरीचा सगळा भार जणू खांद्यांवर पेललेला. चेहऱ्यांकडे बघू नका, निम्मे झिजलेत. मान आणि खांदा कुठे मिळतात ते बघा. मान आत दबलेली, खांदे वर आलेले. हमालाची मान पोत्याखाली तशीच होते. या यक्षांचे दहा-दहा मिनिटांचे चार कागद करा, वजनाबद्दल मी आणखी काही लिहायची गरज राहणार नाही. शिवाय दगडाची माणसं हलत नाहीत आणि "काय काढताय?" असंही विचारत नाहीत. रविवारी मात्र सकाळी लवकर जा, नंतर सेल्फीवाले ओसरी अडवतात.

आता बोटं आणि चेहरा. हे मी तुमच्या भाषेत सांगते. प्रौढ उभा माणूस साधारण साडेसात डोकी उंच. ए-फोर कागदावर वर-खाली थोडी जागा सोडली तर माणूस २७ सेंटीमीटरचा, म्हणजे डोकं साडेतीन सेंटीमीटरचं. त्यात डोळा चार-पाच मिलिमीटरचा. आणि हत्यार दहा मिलिमीटरचं! या सेटिंगवर तुम्ही जॉब लावला असता का? चूक तुमच्या हाताची नव्हती, मापाची होती. निदान ए-थ्री घ्या, आणि तरीही पहिले तीन महिने डोळे काढू नका. डोकं म्हणजे अंडं, ते कुठे कललंय एवढं पुरे. हात म्हणजे मिठाचा पुडा किंवा फावडं, बोटं एकत्र. हाताचं माप हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत, एवढं सांभाळा. बहुतेकांचे हात लहान होतात आणि पाय तर त्याहून लहान. पाऊल कोपरापासून मनगटापर्यंत लांब असतं, आपलंच मोजून बघा. उंचीचा मध्य बेंबीशी नसतो, जांघेशी असतो. मापांचं एवढंच. जास्त दिलं तर तुम्ही पुन्हा मोजतच बसाल.

रोजच्या सरावाकडे वळते, कारण तुमचं खरं नुकसान तिथे झालंय. एक चित्र 'पूर्ण करूनच' झोपायचं, हा नियम वाईट होता. थकलेला माणूस रात्री साडेदहाला चित्र पूर्ण करायला बसला की जे जमतं तेच करतो. जुनी युक्ती, जुना फोटो, जुनी चूक, फक्त कागद नवा. ६३ चित्रं नाहीत ती, एकच चित्र ६३ वेळा आहे. म्हणून फरक दिसत नाही. वीस मिनिटं ठेवा आणि काहीही पूर्ण करू नका. पहिली पाच मिनिटं जुन्या वर्तमानपत्रावर. होय, छापील अक्षरांवरच, म्हणजे कागद वाया जायची भीती नाही. एकच गडद कांडी, आडवी, अर्ध्या मिनिटात एक माणूस. घरात जो दिसेल तो. भांडी लावणारी बायको, मोबाइलवर वाकलेली मुलगी, टीव्हीसमोर लोळलेलं कुणी. हलले तरी चालेल, हललेच पाहिजेत. उरलेल्या पंधरा मिनिटांत चांगल्या कागदावर एकच माणूस, तीन रंगांत. गजर वाजला की थांबायचं, पाय राहिला असला तरी. राहिलेला पाय दुसऱ्या दिवशी आधी काढाल.

प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, आणि एकच ओळ : वजन कुठे होतं. 'डावी टाच.' 'दोन्ही कोपर, टेबलावर.' एवढंच. ती ओळ लिहिता आली नाही तर त्या दिवशी तुम्ही रंग भरलात, माणूस पाहिला नाहीत.

वेळ घड्याळाला बांधू नका. तुमच्या पाळ्या बदलत असणार. सेकंड शिफ्टला रात्री साडेदहाला तुम्ही मशीनवर असता. (पहिल्या ६३ दिवसांत ते कसं निभावलंत, कळायला मार्ग नाही. बहुधा फर्स्ट शिफ्ट चालू असावी.) चहाला बांधा. कामावरून आल्यावरचा पहिला चहा झाला की वीस मिनिटं. चहा कुठल्याही पाळीत चुकत नाही. आणि सलग दिवस मोजणं बंद. साखळी तुटली की माणूस साखळीचं दुःख करत बसतो, चित्र बाजूला राहतं. कागद मोजा. आठवड्याला पाच झाले की झालं. सासरे दवाखान्यात असताना चार दिवस चुकले, यात चुकलं काय? उलट दवाखान्याच्या बाकावर रात्र काढणारी माणसं कशी बसतात, भिंतीला डोकं टेकून, हात मांडीत सोडून, ते तुम्ही चार दिवस पाहिलं असेल. आज आठवून काढा. इंटरमिजिएटला स्मरणचित्र असतं ते याच कामासाठी, दप्तरात गुंडाळून ठेवण्यासाठी नव्हे.

सामानाचं थोडक्यात. गुळगुळीत कागदावर रंग बसत नाही, घसरतो. पेस्टल पेपर किंवा हँडमेड घ्या, शक्यतो बदामी, राखाडी किंवा तपकिरी. पांढऱ्यावर सुरुवातीला सगळंच जास्त गडद वाटतं आणि हात बिचकतो. पन्नास रंगांची पेटी नको. तुमच्याकडच्या पेटीत 'स्किन' म्हणून एक फिकट गुलाबी कांडी असेल, ती बाजूला ठेवा. तसल्या रंगाचा माणूस मी अख्ख्या नाशिकात पाहिलेला नाही. आपली कातडी ऑकर, विटकरी, तपकिरी, आणि सावलीत जांभळा किंवा गडद हिरवा. ट्यूबलाइटखाली कपाळावर थोडा निळसर फिका. हिरव्याला घाबरू नका, दाबून लावलेल्या विटकरीवर हलकाच फिरवा आणि दोन हात लांबून बघा. फिकट कांड्यांना गडद रंग चिकटतो, दर वेळी फडक्याला पुसा. रबर चालत नाही. चुकलेला थर जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढा, त्यावर पुन्हा रंग बसतो. केसांसाठी, साडीच्या काठासाठी संपलेल्या रिफिलने ओरखडा काढला की खालचा रंग वर येतो.

एप्रिल-मेमध्ये तुमचं घर पत्र्याचं किंवा वरच्या मजल्यावरचं असेल तर कांड्या लोण्यासारख्या होतील. दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, आणि बायकोला आधी सांगून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की उलटं, कडक होतात. मुठीत धरून चहा प्या, तोवर नरम होतात.

झालेली चित्रं एकावर एक रचू नका. हे रंग सुकत नाहीत, वर्षाने नाहीत आणि दहा वर्षांनीही नाहीत. मधे बटर पेपर घाला. मी हे न करता एका उन्हाळ्यात चाळीसेक चित्रं माहेरच्या ट्रंकेत ठेवून आले होते. दिवाळीला ट्रंक उघडली तर एक जाडजूड वडी निघाली. सगळ्या माणसांचे चेहरे एकमेकांच्या पाठीला लागलेले. माझी आई म्हणाली, "चांगलं झालं, एकत्र कुटुंब झालं." मला त्या दिवशी हसू आलं नाही.

बाहेर बसून काढायची लाज वाटते असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण फोटोवरून काढता म्हणजे वाटतच असणार. बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारात जा. भाजीवाले तासन्‌तास एकाच जागी उकिडवे किंवा मांडी घालून बसतात आणि त्यांना तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. मागून किंवा बाजूने काढा, वही छोटी ठेवा, दोन कांड्या खिशात. कोणी बघितलं तर वही पुढे करा आणि हसा. आधी कोथिंबीर घेतलेली असेल तर आणखी बरं. रामकुंडावर अंघोळीला, पोहायला आलेल्या पुरुषांच्या उघड्या पाठी फुकट बघायला मिळतात, चित्रकला महाविद्यालयात त्यासाठी मॉडेल बसवतात. पण दशक्रियेला, अस्थी घेऊन आलेल्या माणसांसमोर वही उघडू नका, आणि अंघोळीच्या बायकांकडे कांडी वळवू नका. हे सांगायला नको, तरी सांगते. कारखान्यात तर विचारल्याशिवाय मुळीच नको. बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्याला मनाई असते आणि सुपरवायझरला वही आणि कॅमेरा यातला फरक समजावत बसायचं काम तुमच्यावर येईल. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये विचारून काढा. सगळे तयार होतात, फक्त पोट आत घेऊन बसतात. मग दुसऱ्या घासाला पोट सुटतं, तेव्हा काढायचं.

मोबाइल पूर्ण फेकू नका. झालेल्या चित्राचा फोटो काढून काळा-पांढरा करा आणि लहान करून बघा. एवढ्याशा चौकोनात माणूस अजून बसलेला दिसतोय का? दिसत नसेल तर गडद कमी पडलंय, आणि ते बहुधा टेकलेल्या जागीच कमी पडलंय.

वयाचं विचारलंत. चव्वेचाळीस. पुढे.

तुमची बायको 'हे कोण?' विचारते, तर प्रश्न तिच्यावर सोडू नका. उद्यापासून चित्र तिच्यापुढे धरून तुम्हीच विचारा, "हा कुठल्या पायावर उभा आहे?" तिने क्षणात सांगितलं तर चित्र झालं, मग तो शेजारचा वाटो की मेहुणा. तिने विचार केला तर नाही झालं. मी जे काही वर्गात केलं त्यात याच्याइतकी कडक परीक्षा दुसरी नव्हती. माझ्या तपासणीत मुलं चित्र बघणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर ओळखायची.

जुनी ६३ चित्रं फाडू नका. एका रविवारी फरशीवर मांडा आणि फक्त पावलं बघत फिरा. किती माणसांची पावलं जमिनीला टेकली आहेत आणि किती हवेत लोंबतात, मोजा. मोजण्यात तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात.

ता. क. पेटी मुलीने टाकून दिली असं लिहिलंत, पण तिला एकदा विचारा. टाकलेल्या वस्तूंवर दहावीच्या पोरींचा हक्क बराच काळ टिकतो. आणि तिला समोर बसवून काढायचं असेल तर अभ्यासाच्या वेळी काढा, कोपरावर सगळं वजन टाकून बसलेली असेल.